मंगळावरचा मिथेन कोणाचा?

क्युरिऑसिटी रोव्हर 6 ऑगस्ट 2012 रोजी मंगळावरच्या गेल विवरात उतरला, तेव्हा एका जुन्या वादाचा निकाल लावायचं काम त्याच्या पोटातल्या ट्यूनेबल लेसर स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे टीएलएसवर होतं. मंगळाच्या हवेत मिथेन आहे का? पृथ्वीवरचा बहुतेक मिथेन सजीवांच्या करणीचा, म्हणून या प्रश्नाला एवढं वजन.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ख्रिस वेबस्टर यांच्या गटानं हे उपकरण घडवलं. त्याचा गाभा म्हणजे 20 सेंटिमीटरची नळी आणि तिच्या दोन टोकांना समोरासमोर बसवलेले आरसे. अवरक्त लेसरचा किरण त्यांच्यामधलं अंतर 81 वेळा पार करतो, म्हणजे वीतभर नळीत जवळपास 17 मीटरची चाल. लेसरचा विद्युतप्रवाह किंचित बदलला की तरंगलांबीही किंचित सरकते. 3.27 मायक्रॉनच्या आसपास ती सरकवत नेली, की मिथेनच्या तीन शेजारी रेषा लागतात. ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या प्रमाणात तिथं तिथं प्रकाश घटला, तर वायू मिथेनच.

ओळख पक्की, पण हा मिथेन कोणाचा?

नळीच्या अलीकडे, लेसर बसवलेल्या छोट्या कप्प्यात प्रक्षेपणाआधीच फ्लोरिडाची हवा शिरली होती. पृथ्वीच्या हवेत अब्जात सुमारे 1900 भाग मिथेन. शोध मात्र अब्जात एखाद्या भागाचा! म्हणून नळी एकदा भरून, एकदा रिकामी करून मोजायची आणि फरक धरायचा.

2013 मध्ये सुरुवातीला काहीच सापडलं नाही. वर्षअखेरीस मात्र अब्जात सुमारे 7 भाग दिसले आणि काही आठवड्यांत नाहीसे झाले. पुढे नमुन्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन मिथेन दाट करण्याची युक्ती कामी आली. ऋतूंबरोबर 0.24 ते 0.65 असा चढउतार 2018 मध्ये जाहीर झाला. जून 2019 मध्ये आकडा 21 वर गेला. काही दिवसांत पुन्हा 1 च्या खाली.

गंमत अशी, की वरून फिरणाऱ्या युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरला मिथेन दिसलाच नाही. असलाच तर 0.05 पेक्षा कमी. वेबस्टर यांच्या गटाचं म्हणणं, जमिनीतून झिरपलेला वायू रात्रीच्या शांत हवेत तळाशी साचतो आणि दिवसा विरतो. पण सूर्यप्रकाशात मिथेन तुटायला शेकडो वर्षं लागतात, म्हणजे विरलेला वायू वर साठायला हवा. नासाच्याच केव्हिन झान्ले यांचा संशय थेट रोव्हरवर आहे.