सर्पदंशाची नोंद आणि दवाखान्यांतील प्रतिविष

मृग लागून पेरण्या सुरू झाल्या कीं खेड्यांतून सर्पदंशाच्या वार्ता येऊं लागतात, आणि आपण त्या दैवाच्या खात्यांत टाकून मोकळे होतों. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज असा कीं, २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लाख माणसें सर्पदंशानें दगावलीं. म्हणजे सालिना सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं, व सुमारें निम्मीं जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत गेलेलीं. सरकारी रुग्णालयांच्या दप्तरीं मात्र ह्याचा लहानसा अंशच नोंदला गेला.

मार्च २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सर्पदंशाविषयीं राष्ट्रीय कृति-आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणावयाचे, हें त्याचें ध्येय. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत केंद्रीय आरोग्य खात्यानें राज्यांस पत्र लिहून, दवाखाना सरकारी असो वा खाजगी, दंशाचा प्रत्येक रोगी वर कळविणें सक्तीचें करावें असें सुचविलें.

कागद वाढल्यानें विष कसें उतरणार, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु जेथें रोगी नोंदलेच जात नाहींत, तेथें औषध किती धाडावें हें वरच्यांनीं ठरवावें कशावरून? मांत्रिकाच्या ओसरीवर गेलेला प्राण कोणत्याच वहींत चढत नाहीं. मांत्रिकास यश येतें त्याचेंही कारण साधें आहे. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी. ते चावलेला मनुष्य उतारा केला तरी बरा होतो, न केला तरी होतो.

प्रतिविष, ज्यास आपण सर्रास सापाची लस म्हणतों, तें घोड्यास विष थोडें थोडें टोंचून त्याच्या रक्तापासून तयार करितात. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चारहींवर तें एकच चालतें. म्हणून साप ओळखण्यासाठीं त्याच्या मागें धांवण्यांत वेळ दवडूं नये. दोरी आंवळणें, काप देणें, विष चोखणें हे सर्व प्रकार घातक. चावलेला हात वा पाय मोडल्याप्रमाणें स्थिर ठेवून रोग्यास, चालूं न देतां, दवाखान्यांत न्यावें.

मण्यारीविषयीं विशेष सावध असावें. ती रात्रीं, जमिनीवर निजलेल्यास डसते. दंश फारसा दुखत नाहीं, खूणही दिसतेच असें नाहीं. पहाटे पोटांत कळा येतात, पापण्या मिटूं लागतात, पुढें श्वास अडतो. अशा वेळीं ओवा-हिंग देत बसूं नये.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत व त्यांची मुदत कधीं संपते, हें सभासदांनीं पावसाळ्यापूर्वींच ग्रामसभेंत विचारून घ्यावें.