माळ्यावरचा सीडी प्लेअर पुन्हा बोलू लागला!

“तो फोन नको गं मला देऊस. कुठं बोट लागतं नि कुठं काय उघडतं, मला काही कळत नाही!”

सासूबाईंनी फोन माझ्या हातात ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून त्या बसून राहिल्या. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा विकार झाला. कडेचं थोडंफार दिसतं, पण समोरचं सगळं धूसर. वाचन सुटलं, टीव्ही सुटला, वातीसुद्धा अंदाजानंच वळायच्या. राहता राहिलं गाणं. पण हल्ली गाणं म्हणजे फोन. त्याच्या गुळगुळीत काचेवर बोटांना काही लागतच नाही. जरा हात घसरला की भजन बंद आणि कुणातरी नातेवाइकाला फोन! बोलून गाणं मागवायची सोयही ह्यांनी करून दिली. पण “यंत्राशी काय बोलत बसायचं?” म्हणून त्यांनी तो नाद सोडला.

मी सकाळी शाळेत, हे ऑफिसात, मुलगा त्याच्या क्लासला. मी घरी आले की त्या हळूच म्हणायच्या, “सवड झाली की जरा लावून दे हं.” ज्या बाईनं उभा संसार एकटीच्या हिमतीवर केला, तिला एका अभंगासाठी दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. त्या बोलून दाखवत नव्हत्या, पण मला ते कळत होतं.

आणि मग दिवाळीची साफसफाई निघाली. माळ्यावर एका बुटाच्या खोक्यात ह्यांचा जुना सीडी प्लेअर सापडला. २००४ साली पहिल्या पगारातून घेतलेला, पुरणपोळीएवढा गोल. सोबत सीडींचा गठ्ठा. मी तो भंगारात टाकणारच होते. पण सहज बोट फिरवलं, तर बोटाला बटणं लागली. उंच, टणक, एकमेकांपासून वेगळी. मनात म्हटलं, अगं बाई, हे तर आईंना न बघताही चालवता येईल!

बिघडलेला नव्हताच!

मुलानं सेल घालून बघितले. यंत्र ढिम्म. दुरुस्तीवाल्यानं हातात घेतलं न घेतलं आणि “आता याचे पार्ट मिळत नाहीत, टाकून द्या,” असं सांगून मोकळा झाला. मी मात्र चिकाटी सोडली नाही.

पहिली गोष्ट दिसली ती अशी, की पूर्वी आत राहिलेले सेल पाझरून पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी खरवड धरली होती. अल्कलाइन सेलची ही खरवड काढायला आपल्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चालतो. हातात रबरी मोजे घालावेत, कापसाच्या काडीवर अगदी थेंबभर घेऊन पट्टी पुसावी, मग कोरड्या कापडानं टिपून तासभर वाळू द्यावी. रस आत ओघळू देऊ नये आणि तो हात डोळ्यांना लावू नये.

तरीही यंत्र गप्पच. शेवटी भिंगातून बघताना कडेला एक इवलीशी सरकपट्टी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं ‘होल्ड’. पिशवीत चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून ही सोय असते. ती लावलेली असली की बाकीची बटणं काही ऐकत नाहीत. पट्टी मागे सरकवली आणि आत तबकडी गरकन फिरली! मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असा ‘बिघडलेला’ प्लेअर असेल, तर टाकण्याआधी या दोन गोष्टी जरूर बघा.

प्ले बटणाला टिकली

आईंना यंत्र शिकवायला मला तीन दुपारी लागल्या. पहिल्या दिवशी फक्त तबकडी बसवायची. झाकण उघडायचं, तबकडी कडांनी धरायची, छापील बाजू वर ठेवायची आणि मधल्या खुंटीवर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत हलकेच दाबायची. काढताना खुंटी एका बोटानं दाबून कडेनं उचलायची. आईंचा हात पहिल्यांदा थरथरला, पण चकल्या पाडणाऱ्या हाताला हे काय अवघड!

दुसऱ्या दिवशी बटणं. प्लेच्या बटणावर मी एक जाड टिकली चिकटवली. थांबवायच्या बटणावर दोन बारीक. आवाजाचं चक्र नेहमी कमीवर आणूनच हेडफोन कानाला लावायचा, हेही पक्कं केलं. तिसऱ्या दिवशी सीडींच्या डब्या ओळखायच्या. अभंगाच्या डबीला एक रबरबँड, नाट्यगीतांना दोन, गीतरामायणाला तीन. खूण मात्र डबीलाच करावी. तबकडीवर टिकली किंवा कागद चिकटवला तर ती फिरताना डगमगते आणि कागद आत सुटला तर नवीच पंचाईत!

एक गंमत सांगते. चौथ्या दिवशी आई कपाळाला आठ्या घालून बसलेल्या. “अगं, राम जन्मायच्या आधीच विश्वामित्र त्याला मागायला आले की!” मला काही कळेना. मग बघितलं, तर ‘शफल’ लागलेलं. गाणी उलटसुलट क्रमानं लावणारी ही सोय. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याआठवड्याला ज्यांनी गीतरामायणातली छप्पन्न गाणी ओळीनं ऐकली, त्या पिढीला असला घोटाळा कसा खपावा! शफल बंद केलं. उलट ‘रिझ्यूम’ची सोय सुरू ठेवली. ती असली की जिथं थांबवलं तिथूनच कीर्तन पुढं सुरू होतं.

आत चालतं तरी काय?

आईंनीच एकदा विचारलं, “याला सुई कुठं असते गं?” ग्रामोफोनच्या सुईसारखी सुई यात नाहीच. प्रकाशाचा एक बारीक किरण, म्हणजे लेसर, खालून तबकडीवर पडतो आणि तिच्यातल्या सूक्ष्म खळग्यांची खूण वाचतो. या खळग्यांची रेघ आतून बाहेर वळसे घेत जाते. रेघ इतकी दाट, की एका केसाच्या जाडीत तिचे तीस-चाळीस वळसे मावतील. सुरुवातीला तबकडी मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेते आणि कडेपर्यंत जाताना दोनशेपर्यंत मंदावते.

घरात ठेवायचा पहिला सीडी प्लेअर १९८२ साली जपानात बाजारात आला आणि दोनच वर्षांत, १९८४ साली, सोनी कंपनीनं बरोबर नेता येईल असा काढला. सुरुवातीच्या यंत्रांना धक्का लागला की गाणं अडखळे. पुढं यंत्र काही सेकंदांचं गाणं आधीच वाचून साठवू लागलं, म्हणून धक्क्यातही सूर तुटेनासा झाला. तरी प्लेअर सपाट जागी ठेवलेला बरा. आणि हो, झाकण उघडलं की किरण बंद होतो, पण झाकणाची कळ काडीनं दाबून आत डोकावायचा खेळ मुलांना मुळीच करू देऊ नये.

सेल, पिन आणि पावसाळा

आमच्या प्लेअरला दोन पेन्सिल सेल लागतात. जुना एक आणि नवा एक अशी जोडी घालू नये. चार-आठ दिवस वापर नसेल तर सेल काढूनच ठेवावेत, म्हणजे मघाची खरवड होत नाही. रोज ऐकणं असेल तर पुन्हा चार्ज होणारे सेल आणि त्यांचा चार्जर घेतला की खर्च आटोक्यात राहतो.

विजेवर लावायचा असेल, तर अॅडाप्टर त्याच यंत्राचा हवा. यंत्रावर किती व्होल्ट ते छापलेलं असतं आणि पिनेची अधिक-उणे बाजूही चित्रानं दाखवलेली असते. दोन्ही जुळलं पाहिजे. ‘पिन बसते ना, मग झालं’ हा विचार महागात पडतो. नव्यानं निघणाऱ्या काही प्लेअरना मात्र फोनसारखी चार्जिंगची सोय असते.

पावसाळ्यात, किंवा थंडगार एसीच्या खोलीतून दमट हवेत आणल्यावर, आतल्या भिंगावर दव धरतं आणि तबकडी वाचली जात नाही. घाबरू नये. तबकडी काढून यंत्र तासभर तसंच ठेवावं. एरवी डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावं. नव्या चपला-पर्समध्ये मिळतात त्याच.

कानांना जपा

वय झालं की ऐकूही कमी येतं आणि मग आवाज वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत ठीक. त्याहून मोठा आवाज असेल तर वेळ झपाट्यानं कमी करायला हवी. घरगुती कसोटी अशी, की हेडफोन लावलेल्या माणसाला हातभर अंतरावरून साधं बोललेलं ऐकू यावं. आणि आपण बायकांनी गॅसजवळ किंवा रस्त्यावर दोन्ही कान बंद करून ऐकू नये. कुकरची शिट्टी आणि मोटारीचा हॉर्न आपल्यासाठीच असतो.

आक्कांच्या ओव्या

त्या गठ्ठ्यात तळाशी एक सीडी होती. त्यावर पेनानं लिहिलेलं, ‘आक्का – ओव्या’. आक्का म्हणजे आईंची थोरली बहीण. एका मुंजीत कुणीतरी टेपवर त्यांच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. ती टेप २००६ साली ह्यांनी सीडीवर उतरवून घेतली. आक्का २०११ साली गेल्या. सीडी कपाटात, मग खोक्यात, मग माळ्यावर.

आईंनी टिकलीवर बोट ठेवलं. आक्कांचा आवाज आला. खणखणीत, मधूनच हसणारा. आई ताठ बसल्या. दोन ओव्या झाल्या, आणि तिसरीत कट्-कट्-कट्!

मी घाईनं सीडी काढली आणि पदरानं गोल गोल पुसली. चूक! पदराच्या जरीनं ओरखडे पडले. मधून कडेकडे जाणारा आडवा ओरखडा यंत्र बरंचसं सांभाळून घेतं, कारण हरवलेला तुकडा आजूबाजूच्या खुणांवरून जुळवण्याची सोय त्यात असते. पण गोलाकार ओरखडा रेघेच्या दिशेनंच जातो, सलग मोठा भाग बुजतो आणि तिथं यंत्राचं काही चालत नाही. म्हणून सीडी पुसायची ती मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे सरळ. चिकट असेल तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, मग टिपून कोरडी. स्पिरिट, रॉकेल, अत्तर लावू नये. वरच्या छापील बाजूलाही जपावं. चकाकणारा थर त्या बाजूच्या लगेच खालीच असतो.

घरी भरलेल्या सीडीचं आणखी एक दुखणं आहे. दुकानातल्या सीडीत खळगे ठशासारखे उठवलेले असतात. घरच्या सीडीत मात्र रंगाच्या थरावर खुणा उमटवलेल्या असतात. ऊन, उष्णता, ओल यांनी तो रंग विटतो. माळ्यावरच्या पत्र्याखाली आमच्या सीडीनं किती उन्हाळे काढले असतील!

भाच्यानं संगणकावर घालून, पुन्हा पुन्हा वाचून घेऊन, जमेल तेवढं उतरवलं. चौदा ओव्यांपैकी बारा मिळाल्या. दोन गेल्या त्या गेल्याच. बारांच्या त्यानं तीन प्रती केल्या. एक नवी सीडी आईंच्या प्लेअरसाठी, एक संगणकात, एक मावसदिरांकडे.

मी अपराध्यासारखी आईंजवळ गेले. “दोन ओव्या माझ्यामुळं गेल्या, आई.”

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “एक मला येते.” आणि हातानं जातं ओढल्यासारखं करत त्यांनी ती म्हटली. दुसरी मात्र पुष्कळ आठवूनही आठवली नाही. आईंची ओवी मी फोनवर भरून घेतली. फोन एवढ्याला तरी कामाला आला!

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावरही आजीचा, आईचा, कुणा मावशीचा आवाज असा खोक्यात पडून असेल. येत्या रविवारी तो खाली काढा आणि आधी त्याची प्रत करून घ्या. मग घरातल्या थकल्या माणसाच्या हातात एक टिकली लावलेलं बटण द्या.

आता मी शाळेतून आले की “सवड झाली की लावून दे हं” असं कुणी म्हणत नाही. दारातूनच दिसतं, आई हेडफोन लावून, मान डोलावत वाती वळत असतात. आणि मला सांगतात, “थांब गं, एवढी ओवी संपू दे!”