आधी मागणी, मग निर्मिती

स्वयंपूर्ण ग्रामवीजयोजनेचा विषय निघाला की बहुतेकांची दृष्टी प्रथम सौरपट्ट्यांच्या संख्येकडे वळते. वस्तुतः हिशेबाचा आरंभ मागणीपासून व्हावयास हवा, हे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एग या चिमुकल्या बेटाने उत्तम रीतीने दाखवून दिले आहे. मुख्य भूमीवरील वीजवाहिनी ज्या बेटाला कधी पोहोचलीच नाही, तेथील सुमारे शंभर रहिवाशांनी फेब्रुवारी २००८ पासून ओढ्यांचे पाणी, वारा व ऊन या तिहींच्या बळावर चोवीस तास विजेची तजवीज केली, डिझेलची जनित्रे केवळ अडीनडीला राखून ठेवली, आणि दर घरास ५ किलोवॅट व दर व्यवसायास १० किलोवॅट ही कमाल मर्यादा स्वखुशीने पत्करली.

आपल्याकडील चाळीस घरांची एखादी वाडी कल्पावी. घरटी दीड युनिट धरल्यास दैनंदिन मागणी ६० युनिटांची; एक किलोवॅट सौरसंच दिवसाकाठी सुमारे ४ युनिट देतो, तेव्हा १५ किलोवॅट, आणि घट-तूट जमेस धरता २० किलोवॅट, बसवावे लागतील. ढगाळ असे दोन दिवस निभवावयाचे तर साठा १२० युनिटांचा. परंतु शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करणे तिच्या आयुष्यास घातक असल्याने तिची क्षमता २४० युनिट हवी. इन्व्हर्टरचा आकार मात्र युनिटांवर नव्हे, तर एकाच वेळी पडणाऱ्या कमाल भारावर ठरतो. पिठाच्या गिरणीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते, याची तरतूद आधीच करावी.