गच्चीवरून फेकलेला चेंडू

तिमाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका मिळाल्या त्या संध्याकाळी आमची नात पानावर बसली नाही. पदार्थविज्ञानाच्या पेपरात पाच गुणांच्या एका गणितापुढे लाल शाईचे शून्य होते, आणि दप्तरात अकरावीचा विज्ञान विषय सोडून वाणिज्य घेण्याचा अर्ज होता. त्यावर वडिलांची सही तेवढी व्हावयाची होती. सोमवार ही शेवटची मुदत. "आबा, सूत्र बरोबर लिहिलंय, आकडे बरोबर घातलेत, तरी शून्य! मला हा विषय कळतच नाही," असे ती म्हणाली, तेव्हा आम्ही उत्तरपत्रिका मागून घेतली.

गणित असे होते. १५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून वर फेकला, तर तो इमारतीपासून किती अंतरावर जमिनीवर पडेल? गुरुत्वामुळे वेगात दर सेकंदाला १० मीटरचा फरक पडतो असे धरावे. मुलीने 'परासा'चे सूत्र वापरून ३४.६ मीटर असे उत्तर काढले होते. तिची शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून परास. मराठीत आपण पल्ला म्हणतो. गोफणीचा पल्ला, तोफेचा पल्ला. शब्द बदलल्याने गणित सुटत नाही हे खरे. पण पल्ला म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी जाऊन पडले, जे परास म्हटल्यावर पडत नव्हते, हेही आम्ही पाहिले.

सूत्र खोटे नव्हते. मात्र ज्या पातळीवरून वस्तू फेकली त्याच पातळीवर ती परत येते, हे त्या सूत्रात गृहीत आहे. ३४.६ मीटर अंतरावर चेंडू गच्चीच्या उंचीला येतो एवढेच. जमीन अजून १५ मीटर खाली असते. परीक्षकांनी ज्या उत्तराला शून्य दिले, त्या उत्तरातला चेंडू बिचारा अधांतरी थांबला होता. ही अट धड्यात असते, पण परीक्षेच्या आदल्या रात्री सूत्रांचा जो कागद पाठ केला जातो त्यावर ती नसते. आम्हीही विद्यार्थिदशेत तसाच कागद पाठ केला होता, त्यामुळे नातीला बोल लावण्याचा अधिकार आम्हांला नव्हता.

मग आम्ही वही मिटवली आणि जेवणाच्या टेबलावर एक फूटपट्टी आणि दोन रुपये घेतले. पट्टीचे एक टोक काठाबाहेर काढून त्यावर एक नाणे ठेवले, दुसरे टेबलाच्या काठावर पट्टीला लागून ठेवले. पट्टीला बाजूने जोराची टिचकी मारली की पट्टीवरचे नाणे आधार निसटल्यामुळे जागच्या जागी खाली पडते, आणि दुसरे फेकले जाऊन लांब पडते. कोणते आधी पडेल? नात म्हणाली, सरळ पडणारे; दुसऱ्याला वाट लांबची आहे. आम्ही टिचकी मारली. स्वयंपाकघरातून तिच्या आजीचा आवाज आला, "अगं, रुपया पडला बघ कुणाचा!" पडले होते दोन, पण आजीला एकच आवाज ऐकू आला होता. नातीने तो प्रयोग आणखी सहा वेळा करून पाहिला. दरवेळी आवाज एकच.

सारे मर्म येथे आहे. आडव्या गतीमुळे पडणे लवकरही होत नाही आणि उशिराही होत नाही. गॅलिलिओने १६३८ साली लायडन येथे छापलेल्या 'दोन नव्या शास्त्रां'वरील संवादात हेच मांडले. तो त्या वेळी नजरकैदेत होता. आडवी गती एकसारखी, उभी गती क्षणोक्षणी बदलणारी, आणि दोन्ही मिळून होणारा मार्ग म्हणजे अन्वस्त वक्र, ज्याला हिंदी पुस्तके परवलय म्हणतात. हवेचा अडथळा तेवढा या हिशेबात धरलेला नसतो. अशा गणितात दोन निराळी, सोपी गणिते असतात. त्यांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे काळ.

आता वही उघडली. प्रथम आकृती. गच्ची म्हणजे शून्य, वरची दिशा अधिक, म्हणून जमीन उणे १५ वर. २० च्या वेगाचा उभा भाग १०, आडवा १७.३. आधी उभे गणित करावे, कारण चेंडू केव्हा थांबणार हे जमीन ठरवते. उणे १५ बरोबर दहा पट काळ वजा पाच पट काळाचा वर्ग. सोडवले तर काळाची दोन उत्तरे येतात, ३ सेकंद आणि उणे १ सेकंद. तीन सेकंदांत सेकंदाला १७.३ मीटर प्रमाणे आडवे अंतर सुमारे ५२ मीटर. झाले उत्तर.

नात मात्र त्या उणे एकवर अडली. शाळेत ते उत्तर खोडायला सांगतात. आम्हांला विचाराल तर खोडण्यापूर्वी त्याच्याकडे क्षणभर पाहावे. हाच चेंडू जणू जमिनीवरून फेकला गेला आणि गच्चीजवळून जाताना त्याचा वेग २० होता असे मानले, तर तो जमिनीवरून एक सेकंद आधी निघालेला असणार. उणे एकला निघाला, एकाला शिखरावर, तीनला खाली; दोन सेकंद चढ, दोन सेकंद उतार. शिखरावर चेंडू क्षणभर थांबतो असे तिच्या मनात होते, तेही येथेच दुरुस्त झाले. थांबतो तो उभा वेग, १७.३ चा आडवा वेग तेथेही असतो, आणि गुरुत्वाचे ओढणेही.

त्यानंतर तिनेच विचारले, "४५ अंशांना पल्ला सर्वांत जास्त ना?" सपाट जमिनीवर होय, आणि तेथे ३० व ६० अंशांचे पल्ले सारखेच. गच्चीवरून काय होते ते तूच काढ, असे आम्ही म्हटले. ६० अंशांना तिला ४१.८ मीटर मिळाले. ४५ अंशांना ५१.६, म्हणजे ३० अंशांच्या ५२ मीटरपेक्षा किंचित कमीच. तिने आमच्याकडे संशयाने पाहिले आणि सारे पुन्हा मांडले. आकडा तोच. उंचावरून फेकलेल्या वस्तूला खाली उतरण्याचा काळ आयताच मिळतो, तेव्हा तो मिळवण्यासाठी वर फार वेग खर्चण्याचे कारण उरत नाही. आडव्या वेगावर खर्चलेला बरा. गोळाफेक करणारे खेळाडू ४५ पेक्षा कमी कोन का ठेवतात, याची इतर कारणे आहेतच, पण गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटतो हे त्यांपैकी एक.

"मग सर्वांत चांगला कोन कोणता?" ३७ अंशांच्या आसपास, एवढेच आम्ही सांगितले. थोड्या वेळाने तिचे वडील हातात पेन घेऊन आले आणि अर्ज कुठे आहे म्हणून विचारू लागले. "थांबा हो बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "३७ चा साइन तीन-पंचमांश असतो, एवढं होऊ द्या." उत्तर ५२.९ मीटर आले. वाढलेले ताट तोपर्यंत निवून गेले होते.