इंडियन डर्बी : देशी पैदाशीची परीक्षा

शंकरपटाचा शौकीन असलेल्या वऱ्हाडी माणसालाही डर्बी म्हणजे श्रीमंतांची चैन वाटते. तिचा मूळ हेतू मात्र पैदाशीशी निगडित आहे. थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा इंग्लंडात नेलेल्या तीन पौर्वात्य नरांपर्यंत पोचते. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १९४३ साली सुरू झालेली इंडियन डर्बी ही भारतातच जन्मलेल्या चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत. अंतर २४०० मीटर. पहिली डर्बी बडोद्याच्या राजघराण्याच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. एवढ्या अंतराला नुसता वेग पुरत नाही, दमही लागतो. म्हणून विजेत्याचे मोल बक्षिसाच्या रकमेपुरते राहत नाही. पुढची वीण कोणापासून घ्यायची, याचा कौल तिथे मिळतो. गोऱ्हा निवडताना आपला शेतकरीही वंश आणि दम दोन्ही पाहतोच.