दोन गाण्यांमधला सांधा

नमस्कार मैत्रिणींनो. आमचं बोलणं सुरू होण्याआधी रेडिओवर धून वाजली, ती ऐकलीत ना? ती एकदम थांबली नाही. हळूहळू खाली उतरली आणि तिच्यातूनच आमचा 'नमस्कार' वर आला. आज त्याच कसबाबद्दल बोलणार आहोत. गटातल्या बऱ्याच जणी आता घरच्या लग्नाचा, डोहाळजेवणाचा व्हिडिओ मोबाइलवर स्वतःच जोडतात. चित्रं छान जुळवतात. पण सनई चालू असताना खट्‌कन डीजेचं गाणं सुरू होतं आणि बघणारी दचकते.

गाणं ओळीच्या मध्येच तुटलं की कानाला ते खटकतं. म्हणून आधी कापायची जागा शोधायची. ध्रुवपद किंवा कडवं संपून ताल समेवर येतो, तिथे कापा. भजनाला बसणाऱ्या बायकांना ही जागा सांगावी लागत नाही, टाळ धरलेल्या हाताला ती आपोआप कळते.

काइनमास्टर, व्हीएन, इनशॉट अशा ॲपमध्ये चित्राच्या पट्टीखाली गाण्याची पट्टी असते. दुसरं गाणं पहिल्याच्या शेवटाला नुसतं चिकटवू नका. ते वेगळ्या पट्टीवर ठेवा आणि दोन-तीन सेकंद पहिल्यावर चढू द्या. गोधडी शिवताना आपण तुकड्यावर तुकडा थोडा चढवून घेतो, तसंच. मग पहिल्याला 'फेड आउट' द्या, दुसऱ्याला 'फेड इन'. मधोमध आवाज खड्ड्यात गेल्यासारखा वाटला, तर दुसरं गाणं अजून जरासं आधी सुरू करा. तिथे दोन्ही गाणी एकदमच निम्मी झालेली असतात, म्हणून खड्डा पडतो.

संथ ओवीनंतर वरातीचा बँड आला, की हा उपाय चालत नाही. लयच वेगळी, दोन्ही एकत्र वाजली तर नुसता गोंगाट होतो. तिथे ओवी पूर्ण उतरू द्या. मग तीन-चार सेकंद त्या जागेचाच आवाज ठेवा, म्हणजे जात्याची घरघर, बांगड्या, पोरांची पळापळ. नंतर बँड लांबून येतोय असा चढवा. आम्हाला तर हाच सांधा सगळ्यात आवडतो.

आता खरी काळजीची गोष्ट. गाणं घालताना पुष्कळ जणी क्लिपमधला मूळ आवाज बंदच करून टाकतात. आमच्या माहितीतल्या एका घरी हळद दळताना म्हाताऱ्या आत्याबाईंनी ओव्या म्हटल्या होत्या. व्हिडिओत त्या दिसतात, ओठ हलतात, वर सिनेमाचं गाणं वाजतं. मूळ क्लिप जागा होईना म्हणून फोनमधून काढून टाकलेल्या. आत्याबाई आता नाहीत, आणि त्यांच्या ओव्या घरात कुणालाच पाठ नाहीत.

म्हणून माणूस बोलत किंवा गात असेल तिथे मूळ आवाज पूर्ण ठेवा आणि गाणं इतकं खाली घ्या, की शब्द न शब्द कळेल. ओवीखाली तर गाणं नकोच. जात्याची साथ असतेच की तिला! आवाज किती ठेवायचा ते आकड्यावरून ठरवू नका. एकदा इयरफोन लावून ऐका, मग फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण छोट्या स्पीकरवर ढोलकीचा घुमार जवळजवळ येतच नाही.

गटाच्या पापड-मसाल्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार असाल, तर सिनेमाचं गाणं घेऊ नका. लग्नात गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, मालाच्या जाहिरातीत वापरायला नाही. यूट्यूब गाणं आपोआप ओळखतं आणि आवाज बंद होऊ शकतो. त्यांच्याच ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत मिळतं. नाहीतर गटातल्याच एखादीला गायला लावा.

तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे त्याचा दर्जा उतरत नाही. आणि मूळ क्लिप पुसण्याआधी मेमरी कार्डवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. चिठ्ठीवर कुणाचं लग्न, कोण गातंय आणि तारीख लिहून ती सोबत ठेवा.