सूड मोठ्यांचा, भोग मुलांचे

आज आपण एका कार्टून मालिकेबद्दल बोलू. तिच्यात आपल्या कामाची गोष्ट आहे.

'गांकुत्सुओ' ही २४ भागांची मालिका २००४ साली जपानमध्ये आली. मूळ कथा 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो', फ्रेंच लेखक द्यूमा यांची. एका खलाशाला ऐन लग्नाच्या वेळी खोट्या आरोपावरून तुरुंगात टाकतात. चौदा वर्षांनी तो निसटतो, धनवान होतो आणि एकेका वैऱ्याचा सूड घेतो.

मालिका मात्र वैऱ्याच्या मुलाच्या, अल्बेरच्या नजरेतून चालते. बापाचं पाप त्याला ठाऊकही नसतं. शेवटी द्वंद्वात त्याच्या जागी त्याचा मित्र उभा राहतो आणि मरतो.

आपलं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, परशुरामाची भूमी. तिथल्या कथेतही हेच. सहस्रार्जुनाने जमदग्नींची गाय नेली, परशुरामाने त्याला मारलं. त्याच्या मुलांनी जमदग्नींना मारलं. मग २१ वेळा संहार झाला.

आपल्याकडे भांडण बांधावरून होतं, नळावरून होतं. मोठे अबोला धरतात आणि मुलांचा एकत्र खेळ बंद होतो.

म्हणून अन्याय गिळा, असं आम्ही म्हणत नाही. दाद मागा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा. गटातली एक जण सोबत न्या. तंटा कोर्टात चालू दे, पोरांना मात्र अंगणात खेळू द्या.